सोफा घेतला, आता कापड टिकवायचे कसे?

चाळीतल्या १० बाय १२ च्या खोलीत सोफ्याला जागाच नव्हती. एक लोखंडी खाट, भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची खुर्ची आणि पाहुणे आले की जमिनीवर सतरंजी, एवढ्यावर आपल्या दोन पिढ्या निघाल्या. आता चित्र बदलते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याआधी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत आपली कितीतरी कुटुंबे राहायला गेली. नव्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागते, त्रिसरण-पंचशील होते, आणि मग जी पहिली मोठी खरेदी होते ती बहुधा सोफ्याची. त्यासाठी बोनसचे पैसे असतात, भिशीचे असतात, नाहीतर दुकानदाराचे हप्ते असतातच.

सोफा पसंत पडला, भाव ठरला, की दुकानदार शेवटचे वाक्य टाकतो, "ताई, वरून कोटिंग मारून देतो. चहा सांडला तरी डाग नाही. पाच वर्षे बघायला नको." कोटिंगचे पैसे वेगळे. कधी तो जंतुनाशक म्हणतो, कधी वाळवी-ढेकूण प्रतिबंधक म्हणतो, कधी आग न लागणारे कापड म्हणतो. शब्द मोठे असतात आणि हातात पावती तेवढी पडते. हे लेप म्हणजे नेमके काय, त्यांतले कोणते कामाचे, कोणते बिनकामाचे आणि कोणते घरात येऊच देऊ नयेत, हे भगिनींना माहीत असावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. सोफ्याबरोबर पडदे, गाद्या, उशा आणि विहारातल्या सतरंज्याही यात येतात.

ज्यांचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते त्यांना कापडाचे फिनिशिंग नवे नाही. सुताला खळ लागते, कापड धुतले-रंगवले जाते आणि शेवटी त्याला जे काही लावतात त्यावर त्याचे रूप ठरते. कापडाच्या काठावर पूर्वी सॅनफोराइज्ड असा शिक्का असे. त्याचा अर्थ एवढाच की कापड गिरणीतच आटवून घेतले आहे, घरी धुतल्यावर फारसे आटणार नाही. ही यंत्राची करामत होती, त्यात विष काही नव्हते. सगळे लेप वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थेंब कापडावर थांबतो कसा?

सुती कापडावर पाण्याचा थेंब टाका, ते क्षणात पिऊन टाकते. पॉलिस्टर पाणी फारसे पीत नाही, पण तेलाला मात्र घट्ट धरून ठेवते. लेप देण्यामागची कल्पना अशी की धाग्यावर असा पातळ थर बसवायचा ज्याला थेंब चिकटूच नये.

हे थर मुख्यतः तीन जातींचे. पहिला मेणाचा. जुन्या ताडपत्रीला मेणच असे. दुसरा सिलिकॉनचा. तिसरा फ्लोरिन या मूलद्रव्यापासून बनवलेल्या रसायनांचा. पाण्याचा थेंब स्वतःला घट्ट आवळून धरतो, त्याचा पृष्ठताण तेलाच्या दुपटीहून अधिक असतो. त्यामुळे मेण आणि सिलिकॉन पाणी अडवतात, तेल अडवू शकत नाहीत. तेल अडवायचे तर फ्लोरिनवालेच रसायन लागते.

आता आपल्या घरातले डाग आठवा. मुलाच्या हातातला रस्सा, सुकटीचे कालवण, आणि सोफ्याच्या पाठीवर पडणारा डोक्याच्या तेलाचा तो काळपट पट्टा. सगळे तेलाचे. म्हणजे दुकानदाराने सिलिकॉनचा फवारा मारला, तर तो तुमच्यासमोर ग्लासभर पाणी ओतून थेंब कसे घरंगळतात ते दाखवील, तुम्ही खूश व्हाल, आणि दोन महिन्यांत पाठीवर तेलाचा पट्टा दिसू लागेल. पाण्याच्या प्रयोगावरून तेलाचे काही कळत नाही. दुकानदाराला म्हणावे, कापडाच्या नमुन्याच्या तुकड्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून दाखवा, आणि १० मिनिटे थांबू. बहुतेक ठिकाणी पुढचे बोलणे तिथेच आटोपते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. कापड कारखान्यात असतानाच त्याला लेप दिला आणि मोठ्या भट्टीत १५० अंशांच्या वर तापवून तो पक्का केला, तर तो बऱ्यापैकी टिकतो. दुकानात किंवा घरी येऊन पंपाने मारलेल्या फवाऱ्याला अशी भट्टी मिळत नाही. तो बसण्या-उठण्याने घासला जातो, साबणाने धुतला जातो. पाच वर्षांची हमी देणाऱ्याला विचारावे की, कापड ओल्या फडक्याने पुसले तर हमी राहते का, तेलाचा डाग पडला तर पैसे कोण देणार, आणि हे पावतीवर लिहून द्याल का? लेखी नसलेली हमी ही हमीच नव्हे.

टेनिसच्या बुटावरचे थेंब

फ्लोरिनच्या लेपाची गोष्ट अमेरिकेतली आहे. १९५३ साली थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एका मदतनिसाच्या कापडी टेनिस बुटावर एका नव्या रसायनाचे काही थेंब सांडले. ते साबणाने जाईनात, स्पिरिटने जाईनात. उलट त्या जागी बूट मळेनासा झाला. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर काम केले आणि १९५६ मध्ये स्कॉचगार्ड हे नाव बाजारात आले. सोफे, गालिचे, पडदे, रेनकोट, सगळ्यांवर ते बसले.

या शर्मनबाईंची एक हकिगत सांगितली जाते. त्यांच्याच शोधाची चाचणी कापडगिरणीत चालू असताना त्यांना निकालाची वाट पाहत बाहेर थांबावे लागले, कारण त्या गिरणीत स्त्रियांना प्रवेश नव्हता. आपल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंगखात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या साचेखात्यात मिळत नसे. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावू, हा सवर्ण कामगारांचा सवाल होता. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. कापडाच्या धंद्यात माणसाला दाराबाहेर ठेवण्याची रीत अशी दोन्हीकडे होती.

पुढची कथा मात्र चांगली नाही. ज्या गुणामुळे हे रसायन कापडावर टिकते, त्याच गुणामुळे ते मातीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तातही टिकते. ते कुजत नाही, मोडत नाही. कारखान्यापासून दूर राहणाऱ्या सामान्य लोकांच्या रक्तातही ते सापडू लागले, आणि मे २००० मध्ये थ्रीएमने जाहीर केले की या जातीचे पीएफओएस नावाचे रसायन आपण बंद करत आहोत. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने, ज्यात भारतही आहे, जगभर त्याच्यावर निर्बंध घातले. त्याचे भावंड पीएफओए २०१९ मध्ये त्याच करारात बंदीच्या यादीत गेले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. या रसायनांचे प्रमाण शरीरात अधिक असेल तर कोलेस्टेरॉल वाढलेले आणि मुलांमध्ये लशीचा परिणाम कमी झालेला आढळला आहे. या सगळ्या कुळाला पीएफएएस म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीएमने २०२५ अखेरपर्यंत हे पूर्ण कुळच बनवणे थांबवण्याची घोषणा केली.

त्यांच्या जागी बाजारात जी आली ती थोड्या आखूड साखळीची रसायने. ती शरीरातून लवकर बाहेर पडतात, पण निसर्गात मोडत नाहीत ती नाहीतच. म्हणून दुकानदार "जुने बंद झाले, हे नवे सुरक्षित आहे" म्हणाला तर प्रश्न एकच विचारावा: यात फ्लोरिन आहे का? डब्यावर पीएफएएस-फ्री लिहिले आहे का? नसेल, किंवा उत्तरच नसेल, तर आमचे मत स्पष्ट आहे. त्या लेपाला पैसे देऊ नयेत. चहाचा डाग घरात राहिला तरी चालेल.

ज्यांच्या घरी असा लेप असलेला सोफा आधीच आला आहे त्यांनी घाबरून तो रस्त्यावर टाकायचे कारण नाही. कापड झिजते तसा त्याचा बारीक कण धुळीत मिसळतो, आणि रांगणारे मूल हात तोंडात घालते. केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, मुलाचे हात जेवण्याआधी साबणाने धुवावेत, आणि सोफ्यावर धुता येईल अशी चादर टाकावी.

बंद खोलीतला फवारा

बाजारात आता डबाबंद फवारेही मिळतात. घरच्या घरी मारा, पैसे वाचवा. इथे विशेष सावध राहावे. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत चामड्याच्या वस्तूंवर मारायच्या अशाच एका फवाऱ्यामुळे अनेक लोकांना खोकला, धाप आणि छातीत दुखणे सुरू झाले. मार्च २००६ मध्ये जर्मनीत फरशी-काचेवर मारायचा एक फवारा शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाल्यावर मागे घ्यावा लागला. पाणी झटकणारे रसायन इतक्या बारीक तुषारांत हवेत उडते की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, आणि ज्या नैसर्गिक पातळ थरामुळे फुप्फुसाच्या पिशव्या उघड्या राहतात तोच थर बिघडवते.

आपली घरे लहान. त्याच खोलीत गॅस पेटलेला, त्याच खोलीत पाळणा. आणि अशा डब्यांत फवारा बाहेर ढकलणारा वायू बहुधा पेटणारा असतो. बंद खोलीत, पेटत्या शेगडीजवळ, प्रतिमेपुढे मेणबत्ती तेवत असताना तो कधीही मारू नये. फवारलेच तर गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत, तोंडावर ओढणी नव्हे तर चांगला मास्क लावून, आणि पूर्ण वाळल्यावरच वस्तू आत आणावी.

यात एक माणूस आपण विसरतो. दुकानातून फवारा मारायला जो मुलगा येतो तो दिवसाला चार-पाच घरे करतो, आणि त्याच्या तोंडाला बहुधा काहीच बांधलेले नसते. तो आपल्याच वस्तीतला असण्याची शक्यता अधिक. काम घेणाऱ्या मालकाकडे मास्क मागण्याचा त्याला अधिकार आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

आगीचे काय?

आपल्या घरी प्रतिमेसमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती रोज लागते. पौर्णिमेला आणि ६ डिसेंबरला जास्तच. त्यामुळे आगीची भीती खोटी नाही. सोफ्याच्या आतला फोम पेटला तर भडकतो, आणि त्याचा धूर आगीहून लवकर जीव घेतो. सुती पडदा पेटला तर कोळसा होऊन पडतो, पॉलिस्टरचा वितळून थेंब थेंब गळतो आणि कातडीला चिकटतो.

म्हणून आग न लागणारे रसायन घ्यावे का? नाट्यगृहाच्या पडद्याला, रेल्वेच्या डब्याला ते लागते, तिथे त्याची गरज आहे. घरातल्या सोफ्याच्या बाबतीत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. तिथे १९७५ मध्ये नियम झाला की फोमने लहान उघडी ज्योत १२ सेकंद सहन केली पाहिजे. कारखानदारांनी फोममध्ये भरपूर रसायने घातली. वर्षे गेली, ती रसायने घरोघरच्या धुळीत आणि बायकांच्या दुधात सापडली. शेवटी २०१३ मध्ये त्या राज्याने नियम बदलला आणि धुमसणाऱ्या विडीने वरचे कापड पेटू नये एवढी चाचणी ठेवली, जी रसायनाशिवायही पार करता येते. त्याहून आधी, १९७७ मध्ये, लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना लावले जाणारे ट्रिस नावाचे असेच एक रसायन तिथे बंद करावे लागले होते, कारण ते पेशींच्या गुणसूत्रांना इजा करणारे निघाले.

आपल्यासाठी उपाय बिनखर्चाचा आहे. प्रतिमेचे कपाट पडद्यापासून आणि सोफ्यापासून किमान तीन फूट दूर ठेवावे. मेणबत्ती रुंद तोंडाच्या, पाणी घातलेल्या स्टीलच्या वाटीत उभी करावी आणि झोपण्याआधी विझवावी. श्रद्धा कमी होत नाही. मच्छरची कॉइल सोफ्याखाली सरकवण्याची सवय तर आजपासून बंद.

जंतुनाशक, डांबराच्या गोळ्या आणि ढेकूण

२०२० च्या कोविडनंतर जंतुनाशक कापडाचा धंदा फार वाढला. चांदीचे कण, ट्रायक्लोसान, आणखी काय काय. ट्रायक्लोसान तेच, जे अमेरिकेच्या औषध खात्याने २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणाहून ते अधिक काम करते हे कंपन्यांना दाखवता आले नाही. जे साबणात सिद्ध झाले नाही त्याला सोफ्यावर पैसे कशाला? ऊन हे कापडाचे जुने जंतुनाशक आहे, आणि फुकट आहे.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. लोकरीचे कपडे, गोधड्या, पाहुण्यांच्या गाद्या आपण या गोळ्या घालून ठेवतो आणि बाळ जन्मले की त्याच ट्रंकेतली दुपटी काढतो. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते, आणि अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या देशात दुर्मीळ नाही, आणि चाचणी केल्याशिवाय ती कळत नाही. बाळंतिणीच्या खोलीत या गोळ्या नकोतच. साठवलेले कपडे आधी धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात टाकून मगच बाळाच्या अंगाला लावावेत. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला तरी चालतो, पण तो कसरीला पूर्ण रोखील असे समजू नये. कपडे स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवणे हेच खरे काम करते, कारण घाम आणि खळ असलेल्या कपड्यांवर कसर अधिक येते.

ढेकूण झाले तर लाजायचे काही नाही. ते झोपडीत होतात तसे तारांकित हॉटेलातही होतात. ढेकूण आणि त्यांची अंडी ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत मरतात. अभ्रे, खोळी, चादरी कढत पाण्यात भिजवाव्यात. सोफ्याच्या शिवणी, खिळ्यांच्या जागा, खालचे काळे कापड इथे वाफेची इस्त्री सावकाश फिरवावी आणि दर आठवड्याला पाहावे. शेतातले कीटकनाशक आणून गादीवर मारणे, किंवा धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोलीत ठेवणे, हे जिवाशी खेळणे आहे. त्या गोळ्यांचा वायू एका घरातून शेजारच्या घरात जातो आणि झोपेतच माणसे मरतात. असे मृत्यू आपल्या देशात झाले आहेत.

खोळ, अभ्रा आणि आनंद थेरांचे उत्तर

मग कापडाचे रक्षण करावे तरी कशाने? आमचे उत्तर जुनेच आहे. कापडाचे रक्षण कापडाने करावे.

विनयपिटकात याचे मूळ सापडते. भिक्खूंच्या अंगाचे, चीवराचे आणि आसनांचे रक्षण व्हावे म्हणून तथागतांनी बसताना खाली घ्यायच्या वस्त्राला, निसीदनाला, अनुमती दिली. न धुतलेल्या किंवा ओल्या पायांनी संघाच्या बिछान्यावर जाऊ नये असाही नियम केला. संघाची वस्तू सर्वांची, म्हणून ती अधिक जपायची.

चुल्लवग्गातली एक कथा तर प्रत्येक गृहिणीने ऐकावी. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना ५०० वस्त्रे दान केली. राजाला राग आला, की हा भिक्खू कापडाचे दुकान काढणार आहे की काय? त्याने जाऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. आणि जीर्ण चीवरांचे? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची आंथरणे. त्यांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि फडकी जीर्ण झाली की ती कुटून, चिखलात मळून त्याने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. आपल्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या त्या याच वाटेने.

तेव्हा सोफा घेताना कोटिंगचे पैसे वाचवावेत आणि त्याच पैशात खोळी शिवून घ्याव्यात. दोन जोड, म्हणजे एक अंगावर आणि एक धुण्यात. शक्य असेल तर ज्याच्या गाद्यांना चेन आहे आणि कापड काढून धुता येते असाच सोफा पसंत करावा. काही सोफ्यांवर कापडाची चिठ्ठी असते, तीवर डब्ल्यू असेल तर पाण्याने साफ करता येते, एस असेल तर फक्त ड्रायक्लीनवाल्याचे रसायन चालते, दोन्ही अक्षरे असतील तर दोन्ही चालतात, आणि एक्स असेल तर फक्त धूळ काढायची. लहान मुले असलेल्या घरात एस आणि एक्सच्या वाटेला जाऊ नये. मखमल आणि केसाळ कापड दुकानाच्या दिव्यात छान दिसते, पण त्यात कण अडकतात. घट्ट विणीचे, मध्यम गडद, बारीक ठिपक्यांचे किंवा चौकटीचे कापड डाग लपवतेही आणि धुतलेही जाते. पांढऱ्याचा मोह विहारापुरता ठेवावा.

दुकानातून आलेले प्लास्टिक सोफ्यावर तसेच ठेवायची आपल्याकडे मोठी हौस. वर्षभर पाहुणे त्यावर घसरत बसतात. पावसाळ्यात त्याखाली ओल कोंडते, बुरशी धरते आणि जे वाचवायला निघालो तेच कापड काळे पडते. ते पहिल्याच दिवशी काढावे. सोफा भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावा, म्हणजे ओल्या भिंतीची ओल त्यात उतरणार नाही.

खोळीसाठी सुती कापड घेतले तर शिवण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून घ्यावे. कोरे कापड आटते, आणि मग शिंप्याला दोष देऊन उपयोग नसतो. १६ इंची चौकोनी उशीचे, मागे पाकिटासारखे उघडणारे अभ्रे ४८ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये दोन निघतात: १७ इंच रुंदीचे दोन लांब तुकडे कापावेत, उरलेल्या पट्टीची डोके टेकायच्या जागेची झालर होते. ही झालर निराळी, सुटी ठेवावी. तेलाचा पट्टा तिच्यावर पडतो आणि आठवड्याला तेवढीच धुता येते.

अभ्र्यांना आणि पडद्यांना हलकी खळ द्यावी, तांदळाची किंवा साबुदाण्याची. ही खळ म्हणजे आपला घरचा लेप. मळ धाग्यावर न बसता खळीवर बसतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. पुढच्या वेळी पुन्हा नवी खळ. फक्त पावसाळ्यात ती देऊ नये, कारण खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही जगतात. पडद्याचा रंग उन्हाने उडतो, त्याला रसायनापेक्षा पांढऱ्या स्वस्त कापडाचे अस्तर बरे. ऊन अस्तर खाते, पडदा राहतो.

एवढे करूनही डाग पडणारच. तेल सांडले तर चोळू नये, त्यावर लगेच बेसन किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवावे, ती तेल ओढून घेते, मग झटकून साबण लावावा. रक्ताला थंड पाणीच, गरम पाण्याने डाग पक्का होतो. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, आणि भगिनी घाबरून ब्लीच आणतात. त्याची गरज नाही. धुऊन कापड कडक उन्हात टाकावे, हळद उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दुपारींत डाग बहुधा निघून जातो. सोफ्याचे कापडच काढता येत नसेल तर ओला डाग टिपून घ्यावा आणि त्याच्यावर ऊन येईल असा सोफा खिडकीकडे फिरवावा.

विहारातल्या सतरंज्या आणि आसनांची कामे महिला मंडळांनी वर्षावास सुरू होण्याआधीच, म्हणजे आषाढी पौर्णिमेपूर्वी, उन्हात उरकावीत. सतरंजी पावसाळ्यात धुतली तर आठवडाभर वाळत नाही. धम्मदेसनेला येणाऱ्या माणसांसाठी दारात दोन जाड पायपुसणी टाकली, एक कोरडे आणि एक ओलसर, तर आतली सतरंजी पुष्कळ कमी मळते.